‘त्यातूनच कापून घ्या ना!’

नमस्कार मावशी,

मी कोपरखैरण्याला राहते. घरून डबे करते, रोजचे २२ डबे रबाळे आणि महापेला जातात. मिस्टरांची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद झाली. तेव्हापासून कर्ज वाढतच गेलं. क्रेडिट कार्डाचे १,१२,००० (महिन्याला किमान रक्कम, म्हणजे ‘मिनिमम ड्यू’, ५,६०० भरते), मोबाईलवरच्या दोन लोन ॲपचे मिळून ४६,०००, पतपेढीत पाटल्या ठेवून घेतलेले ८०,००० (त्याला वर्ष होत आलं) आणि बचत गटाचे ३०,०००. वसुलीवाल्यांचे फोन सुरू आहेत.

गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर ‘महिला कर्जमुक्ती अनुदान’ असा मेसेज आला. फॉर्म भरला. दोन दिवसांत फोन आला की पाच लाख मंजूर झाले, परत करायचे नाहीत. मंजुरीचं पत्रही आलं, त्यावर अशोकस्तंभ आहे आणि बेलापूरच्या रिझर्व्ह बँकेचा पत्ता आहे. नोंदणीचे १,९९९ भरले. मग फाईल चार्ज म्हणून ६,५०० भरले, त्याला पाच दिवस झाले. आता म्हणतात, जीएसटी आणि आरटीजीएस क्लिअरन्सचे १८,५०० भरले की त्याच दिवशी पैसे जमा, आणि हे १८,५०० परत मिळणार. मी म्हटलं, पाच लाखांतूनच कापून घ्या ना. तर म्हणाले, सरकारी पैसा आहे, आम्हाला हात लावता येत नाही. क्यूआर पाठवलाय, स्कॅन केला तर कुठल्या तरी मोबाईल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं नाव येतं.

रविवारी माझी भिशी लागतेय, २०,००० येतील. त्यातून भरू का? मिस्टरांना यातलं काहीच माहीत नाही. सगळं फिटून २,३२,००० उरले असते, मोठा डीप फ्रीझर घेतला असता.

– एक डबेवाली ताई, कोपरखैरणे

तळटीप: मंजुरीच्या पत्राचा फोटो सोबत पाठवतेय. त्यांना मी आधार, पॅन, पासबुकाचा फोटो आणि कोरा रद्द केलेला चेक पाठवलाय.

---

अगं, रविवार जवळ आलाय म्हणून आधी उत्तर देते. भरू नकोस. १८,५०० नाही, उद्या तडजोड करून ५०० म्हणाले तरी नाही.

आणि मग तुझं थोडं कौतुक. ‘पाच लाखांतूनच कापून घ्या’ हे तू बोललीस ना, तिथेच हा सगळा डाव उघडा पडला होता. एवढ्या ताणात तुला तो प्रश्न सुचला. त्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, म्हणून त्यांनी एक वाक्य फेकलं आणि तू ते झेललंस.

मी ठाण्यात एका बँकेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी कर्ज खात्यात. देणाऱ्याची एक सवय असते, तो आपलं आधी कापून घेतो. मुदत ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापूनच येतो. पगारातून पीएफ कापूनच येतो. कर्ज मंजूर झालं की प्रोसेसिंग फी वजा करून उरलेली रक्कम खात्यात पडते. तुझ्या जवळचंच उदाहरण द्यायचं तर वाशीच्या मार्केटात शेतकऱ्याचा माल विकला की पट्टीत हमाली, तोलाई वजा झालेली असते. ‘आधी हमाली पाठव, मग पट्टी करतो’ असं म्हणणारा व्यापारी एक हंगामही टिकणार नाही. सरकारचा तर कापून घेण्यात हातखंडा आहे! ‘सरकारी पैशाला हात लावता येत नाही’ हे वाक्य ज्याने रचलं त्याने सरकार लांबूनही पाहिलेलं नाही.

आता तू म्हणशील, मावशी, बँकासुद्धा आधी फी घेतातच की. घेतात, खोटं कशाला सांगू. घराच्या कर्जाला बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत लॉगिन फी घेतात. पण ती त्या संस्थेच्याच नावाने जाते, पावती मिळते, आणि कर्ज नामंजूर झालं तर फी परत मिळेलच असं कुणी सांगत नाही. उलट स्पष्ट सांगतात की मिळणार नाही. सेतू केंद्रावर दाखल्याला फी लागते, तिचा दर भिंतीवर लावलेला असतो. खरी फी ही अशी कोरडी असते. ‘परत मिळणार’ अशी साखर तिला लावलेली नसते. आणि मोबाईलच्या कव्हरांच्या दुकानात तर ती नक्कीच भरायची नसते. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव आलं, तेवढीच या प्रकरणातली एक खरी गोष्ट. त्या दुकानदाराला कदाचित काही माहीतही नसेल, खातं भाड्याने दिलेलं असेल किंवा त्यालाही कुणी गंडवलं असेल. पण तुझा पैसा तिथे जातोय. सरकारकडे जात नाहीये.

आता त्या अनुदानाबद्दल. क्रेडिट कार्ड, लोन ॲप आणि पतपेढीचं कर्ज फेडायला रोख पाच लाख देणारी योजना ना केंद्राची आहे, ना राज्याची. सरकारी योजना कशा असतात ते बघ, म्हणजे फरक लगेच लक्षात येईल. लाडकी बहीणचे महिना १,५०० येतात ते आधार जोडलेल्या खात्यात थेट, मध्ये कुणी साहेब नाही, कुणाचा क्यूआर नाही. मुद्रा हे छोट्या धंद्यासाठीचं कर्ज आहे, व्याजासकट फेडायचं. शिशु गटात ५०,००० पर्यंत. तेही बँक किंवा वित्तसंस्था देते, मुद्रा स्वतः कुणाला फोन करून पैसे देत नाही. मुद्राच्या नावाने बनावट मंजुरीपत्रं फिरतात आणि पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाच्या, फॅक्ट चेकने त्याबद्दल पुन्हा पुन्हा सावध केलेलं आहे.

राहिलं खऱ्याखुऱ्या अनुदानाचं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम घे. शहरातल्या बाईला प्रकल्पाच्या २५ टक्क्यांपर्यंत अनुदान, ऐकायला गोड वाटतं. पण आधी प्रकल्प अहवाल लागतो, मग बँकेने कर्ज मंजूर करायचं, तुझा स्वतःचा ५ टक्के हिस्सा घालायचा, आणि अनुदान तुझ्या हातात येतच नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकून राहतं आणि व्यवसाय नीट चालू दिसला तर कर्जातून वळतं होतं. ही रचना मी जवळून पाहिली आहे. फाईल बँक आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यात हिंडत असते आणि अर्जदार दोन्हीकडे चकरा मारत असतो. खरं अनुदान इतकं कंटाळवाणं असतं. दोन दिवसांत, घरबसल्या, कागद न बघता मंजूर झालं म्हणजे मंजूर करणाऱ्याचं त्यात काहीच जात नव्हतं.

पत्राचा फोटो तू पाठवलास, तो मी भिंग घेऊन वाचला. (वयानुसार भिंग लागतं, संशयाने नाही.) अशोकस्तंभ कुठल्याही छपाईवाल्याकडे मिळतो. तो असा वापरणं २००५ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण गुन्हेगाराला एक कलम वाढल्याने काय फरक पडतो? पत्ता मात्र अगदी बरोबर आहे. बेलापूरला रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आहेच, तू सीबीडीला गेलीस तर दिसेल. मेख तिथेच आहे. पत्ता खरा वापरायचा म्हणजे शंका आली तर माणूस गुगलवर बघतो, इमारत दिसते आणि शंका जाते. पण रिझर्व्ह बँक तुझ्यामाझ्यासारख्यांची खाती ठेवत नाही, कुणाला अनुदान वाटत नाही आणि कुणाचे पैसे सोडवायला फी मागत नाही. हे तिने स्वतः जाहीर इशाऱ्यांमधून कितीदा तरी सांगितलंय. त्या इमारतीत तुझ्या नावाची फाईल नाही.

‘आरटीजीएस क्लिअरन्स’ असा प्रकार नसतो. आरटीजीएस ही बँकेतून बँकेत मोठी रक्कम पाठवायची सोय, तिने आलेल्या पैशांवर घेणाऱ्याला काही शुल्क लागत नाही. आणि जीएसटी लागतो वस्तू किंवा सेवा विकल्यावर. विकणारा बिल देतो आणि बिलावर त्याचा १५ अंक-अक्षरांचा नंबर असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होणारा. तुला कुणी बिल दिलंय का? तू काय विकत घेतलंस?

पत्रातलं मराठीही बघ. ‘आपण निवडले गेले आहात याबद्दल आपले अभिनंदन आहे.’ आपल्या सरकारी कार्यालयांचं मराठी रुक्ष असतं, कधी कधी समजतही नाही, पण ते कुणाचं अभिनंदन करायच्या भानगडीत पडत नाही.

हे सगळं वाचून तू स्वतःला मूर्ख म्हणायला लागशील. म्हणून एक सांगते.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. आमच्या शाखेत एक निवृत्त गृहस्थ यायचे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फोरमन होते. एक दिवस ठेव मोडायला आले. मी विचारलं, मुदत दोन महिन्यांवर आली आहे, का मोडताय? म्हणाले, परदेशातून पार्सल आलंय, कस्टमची ड्यूटी भरायची आहे. मला खटकलं. पण काउंटरवर रांग होती, महिनाअखेर होती, आणि माणूस स्वतःचेच पैसे काढतोय, मी कोण विचारणार? फॉर्म त्यांना नीट दिसत नव्हता, तो मीच भरून दिला. माझ्या अक्षरात. आठवड्याने ते पुन्हा आले, दुसरी ठेव मोडायला, ‘शेवटची’ ड्यूटी भरायला. तोपर्यंत पहिला पैसा गेला होता. त्या दिवशी मी त्यांना बसवून घेतलं, चहा मागवला, दुसरी ठेव वाचली. पहिलीचं मात्र माझं मला लागून राहिलंय. ते अडाणी नव्हते, हिशेबात आमच्यापेक्षा पक्के होते. मुलीच्या लग्नाचं कर्ज त्यांच्या डोक्यावर होतं, एवढंच.

कर्ज असलेल्या माणसाला ही मंडळी मुद्दाम शोधतात. आपल्याला वाटतं, ज्याच्याकडे पैसा नाही त्याला कशाला लुटतील? पण पैसेवाला माणूस पाच लाखांच्या मेसेजकडे बघतही नाही. ज्याला दर सकाळी फोन वाजला की पोटात गोळा येतो, तो बघतो. तो कुणाला विचारतही नाही, कारण विचारायचं तर आधी कर्ज सांगावं लागतं. आणि वर ‘रक्कम जमा होईपर्यंत गोपनीय ठेवा’ अशी ओळ घातली की झालं. तुझ्या पत्रातही ती ओळ आहे, तळाशी, ठळक अक्षरात.

त्यांच्या आकड्यांची चढण बघ. आधी १,९९९. एवढे गेले तर गेले, असं वाटावं इतके. मग ६,५००. आता १८,५००. प्रत्येक वेळी मागणी पाच लाखांपुढे लहान दिसते आणि आधी भरलेल्यांपुढे आवश्यक दिसते. तुझे ८,४९९ गेलेत, ते वाया जाऊ नयेत म्हणून तू १८,५०० घालायला निघालीस. ते भरलेस की २६,९९९ वाया जाऊ नयेत म्हणून पुढचं काहीतरी निघेल. मुद्रांक शुल्क, विमा, नाहीतर ‘तुमच्या खात्याच्या नावात चूक आहे, तिचा दंड’. ही शिडी वरपर्यंत जातच नाही, कारण वर काही नाहीच.

युक्ती नवी नाही, बरं का. युरोपात दोनशे वर्षांपूर्वीसुद्धा ‘अमुक श्रीमंत कैदी तुरुंगात आहे, त्याला सोडवायला थोडे पैसे द्या, सुटला की तुम्हाला मालामाल करेल’ अशी पत्रं लोकांना यायची. पुढे नायजेरियातून ईमेल यायला लागले, तेव्हा तिथल्या फसवणुकीच्या कलमावरून या प्रकाराला जगभर ‘४१९’ म्हणू लागले. आपल्याकडचा आकडा ४२०, एकाचाच फरक! १ जुलै २०२४ पासून आपलं ते कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण ‘तीनशे अठरा माणूस’ अजून कुणी म्हणत नाही.

असो. आता कामाचं. हे वाचून झालं की फोन ठेवायच्या आधी कर.

त्या माणसाला उत्तर देऊ नकोस, शिवी तर अजिबात देऊ नकोस, आणि लगेच ब्लॉकही करू नकोस. आधी सगळ्या गप्पांचे, पत्राचे, क्यूआरचे, नंबरांचे स्क्रीनशॉट काढ. दोन्ही पेमेंटचे यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचे क्रमांक, यूपीआय ॲपच्या हिस्टरीत आहेत, ते कागदावर उतरव. मग १९३० ला फोन लाव. सायबर फसवणुकीची ही देशभराची हेल्पलाइन. लागला नाही तर परत लाव, किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदव. पोचक्रमांक मिळेल तो जपून ठेव. तक्रार गेली की तो पैसा ज्या खात्यात गेला आणि तिथून जिथे जिथे पुढे गेला, तिथे शिल्लक असेल तेवढा रोखायचा प्रयत्न होतो. पहिल्या काही तासांत केलं असतं तर आशा जास्त होती. पाच दिवसांनंतर परत मिळतील असं मी म्हणणार नाही. तरी तक्रार कर, कारण ते खातं त्यामुळे गोठू शकतं आणि तुझ्यासारखी पुढची बाई वाचू शकते. नंतर लेखी अर्ज घेऊन आपल्या पोलीस ठाण्यात जा. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालयच महापेला आहे, तुझे डबे जातात तिथे, पण तक्रारीसाठी तिथे धावायची गरज नाही.

बँकेतही अर्ज दे आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. काउंटरवरचा माणूस कदाचित म्हणेल, पैसे तुम्हीच स्वतः पाठवलेत, बँक काय करणार? ते त्याचं बरोबर आहे. कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तू पिन स्वतः टाकलास. व्हॉट्सॲपवर कुणी त्या नियमाचा फॉरवर्ड पाठवला तर उगीच आशा लावून बसू नकोस. पण अर्ज दे, कारण पुढचा मुद्दा त्यापेक्षा मोठा आहे.

तू त्यांना आधार, पॅन, पासबुकाचा फोटो आणि कोरा रद्द केलेला चेक पाठवलायस, असं तळटीपेत लिहिलंस. तळटीपेत! खरं तर तेच तू मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतंस. ८,४९९ एकदाच जातात, कागद पुन्हा पुन्हा वापरता येतात. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाक, आधारच्या ॲपवरून होतं. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुझ्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं, अनोळखी असेल तर तिथेच कळव. क्रेडिट ब्युरो म्हणजे आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या संस्था, त्यांतल्या प्रत्येकीकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो आता काढ आणि दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या ब्युरोचा काढ. तू न घेतलेलं कर्ज त्यात दिसलं तर लगेच लेखी हरकत घे. त्यांनी एखादं ॲप किंवा ‘एपीके’ फाईल (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायची फाईल) टाकायला लावली होती का? असेल तर फोन विमानमोडवर टाक, ती काढून टाक, आणि दुसऱ्या फोनवरून पासवर्ड आणि पिन बदल.

एक वेगळा धोका. तू पैसे भरत नाहीस म्हटल्यावर ते म्हणतील, ‘बरं ताई, चाचणी म्हणून तुमच्या खात्यात ४०,००० टाकतो, त्यातले ३८,००० या नंबरवर पुढे पाठवा.’ तो पैसा दुसऱ्या कुणाचा तरी चोरलेला असेल आणि पोलीस तुझ्या दारात येतील. अनोळखी पैसा आला तर हात लावू नकोस, बँकेला लेखी कळव.

आणि महिनाभराने कुणी अत्यंत सभ्य आवाजात फोन करेल: सायबर सेलमधून बोलतोय, किंवा वकील बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला कोर्ट फी ३,००० भरा. तीच टोळी किंवा तिने विकलेली तुझ्या नावाची यादी. तक्रार नोंदवायला आणि रोखलेला पैसा परत द्यायला पोलीस कमिशन घेत नाहीत.

मिस्टरांना आजच सांग. पोलिसांत अर्ज दिलास की घरी फोन येणारच, तो त्यांनी उचलला तर बोलणं भलत्याच टोकाने सुरू होईल. शिवाय मला तुझ्या पत्रावरून वाटतं की कर्जाचा पूर्ण आकडाही त्यांना माहीत नाही. ८,४९९ पेक्षा २,६८,००० सांगणं अवघड आहे, हे मला समजतं. कागदावर चारही कर्जं लिहून तो कागद त्यांच्यासमोर ठेव. बोलायला कमी लागतं.

आता त्या कागदाबद्दल. कार्डावर व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर १,१२,००० वर ३,९२० होतात, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून जवळजवळ ४,६०० रुपये. तू ‘मिनिमम ड्यू’ म्हणून ५,६०० भरतेस. म्हणजे मुद्दलातून उतरतात जेमतेम हजार. तिकडेच तुझा डीप फ्रीझर जातोय, हप्त्याहप्त्याने. कार्ड वापरणं आजपासून बंद कर आणि बँकेला लेखी विचार की थकबाकीचे कमी व्याजाचे मासिक हप्ते करून द्याल का. बहुतेक बँका देतात, मागावं लागतं. ‘सेटलमेंट’ हा शब्द ते काढतील. त्यात रक्कम कमी होते, पण क्रेडिट अहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे मुद्रासाठी गेलीस की तोच आडवा येतो. अगदीच जमत नसेल तर तोही मार्ग आहे, पण लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस. ‘आम्ही तुमचं कर्ज निम्मं करून देतो, आधी आमची फी’ म्हणणाऱ्यांनाही आज वाचलेलं सगळं लागू आहे.

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांना फोन, हे तर नाहीच नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे फी नाही, १४४४८ वर माहिती मिळते. दोन लोन ॲप खरंच कुठल्या नोंदणीकृत बँकेची किंवा वित्तसंस्थेची आहेत का ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरच्या कर्ज ॲपच्या यादीत बघ. यादीत नसतील आणि तुझ्या संपर्कातल्या लोकांना फोन करत असतील तर तेही १९३० च्या तक्रारीत घाल. नोटीस आली तर घाबरून कुणा एजंटाकडे जाऊ नकोस. कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. ठाण्याला कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.

बचत गटातल्या बायकांना सांगून टाक की दोन महिने उशीर होईल. त्या रागावतील, एक-दोघी बोलतीलही. पण त्या तुझ्या गल्लीत राहतात आणि तुझे डबे कसे असतात ते त्यांना माहीत आहे. बँकेला ते माहीत नाही.

आणि रविवारची भिशी. पाटल्यांच्या पावतीवर मुदत बघ. तू लिहिलंस, वर्ष होत आलं. मुदत टळली तर पतपेढी आधी नोटीस काढेल आणि मग लिलाव. बहुतेक ठिकाणी व्याज भरलं की तारण नवं करून देतात. सोमवारी डबे गेले की पतपेढीत जा, साठलेलं व्याज किती ते विचार, भिशीतून तेवढं भर आणि नवीन पावतीवर पुढची तारीख लिहून घे. उरतील ते दोन ॲपपैकी लहान असेल त्याच्यावर टाक. जाताना मिस्टरांना सोबत ने.